वसाहत, तिची जमीन आणि आपले राजकारण

(पिंपरी येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)



अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला 'औद्योगिक पट्ट्यातील मध्यमवर्ग' हा विषय दिला, तेव्हा मी त्यांना विचारले की या विषयावर बोलून तुमचे काय काम होणार? त्यांचे उत्तर सरळ होते. ते म्हणाले, "निगडी प्राधिकरणात आमची पत्रके वाटली जातात, घेतली जातात, आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. सभेला कोणी येत नाही. वर्गणी मागितली तर देतात, पण दार लावून घेतात. असे का होते, ते सांगा." आज मी या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न करणार आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापनात माझे आयुष्य गेले, त्यामुळे माझी वाट थोडी हिशेबाच्या अंगाने जाईल, ती सहन करावी.

प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी या वसाहतीचा तटस्थ निरीक्षक नाही, तेथील रहिवासी आहे. माझे वडील येथील एका कारखान्यात फिटर होते. आम्ही आकुर्डी गावठाणात एका खोलीत राहत असू. पुढे प्राधिकरणाच्या योजनेत वडिलांना हप्त्याने दोन खोल्या मिळाल्या आणि आमच्या घरात पहिल्यांदा अभ्यासाचे टेबल आले. मी पदव्युत्तर शिक्षण घेतले, प्राध्यापक झालो, ते त्या टेबलाच्या आधारावर. तेव्हा आज मी जे टीकेचे शब्द उच्चारणार आहे, त्यांत मीही येतो.

वसाहत कशी उभी राहिली?

प्राधिकरणातला कोणताही गृहस्थ आपल्या घराची कथा सांगताना 'पोटाला चिमटा घेऊन बांधले' असे म्हणतो. ते खरे आहे. माझे वडीलही असेच म्हणत. पण ही अर्धी कथा आहे, आणि उरलेली अर्धी आपण कार्यकर्त्यांनीदेखील पुरती लक्षात ठेवलेली नाही.

१९५० च्या सुमारास पिंपरी हे शेतीचे गाव होते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी, हीच काय ती गावाबाहेरची मोठी वस्ती. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना येथे उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्याला होते आणि पेनिसिलिन या देशात बनू लागले ते येथे. म्हणजे या औद्योगिक पट्ट्याचा पायाच सार्वजनिक भांडवलाने घातला गेला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने जमिनी संपादन केल्या, रस्ते आखले, पाणी आणले, वीज पोचवली आणि तयार भूखंड कारखानदारांच्या हाती ठेवले. साठीच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि चिंचवडजवळ टेल्को आली. पाठोपाठ शेकडो लहान कारखाने भोसरीच्या माळावर उभे राहिले.

१९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. १९७१ च्या जनगणनेत येथे सुमारे ८४ हजार माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ती १७ लाखांच्या वर गेली होती. चाळीस वर्षांत वीसपट! सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ, आणि पुढे बिहार-उत्तर प्रदेश येथून ही माणसे आली. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या प्रसिद्ध अभ्यासात दाखवून दिले होते की शहरातील दारिद्र्य हे बहुतांशी ग्रामीण दारिद्र्याचेच सांडलेले पाणी असते. तो सिद्धान्त तपासून पाहण्यासाठी कोणाला दूर जाण्याचे कारण नाही. दिवाळीच्या आधी दोन दिवस वल्लभनगरच्या एस. टी. स्थानकावर उभे राहावे.

या माणसांनी राहायचे कोठे, या प्रश्नाला राज्याने दिलेले उत्तर म्हणजे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली १४ मार्च १९७२ रोजी त्याची स्थापना झाली. कल्पना अशी होती की आजूबाजूच्या गावांची जमीन सरकारने घ्यावी, तेथे आखीव पेठा पाडाव्यात, आणि कारखान्यांत काम करणाऱ्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या माणसांना परवडेल अशा दरात घरे व भूखंड द्यावेत. जमिनीची मालकी प्राधिकरणाकडेच राहावी आणि रहिवाशाला ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळावा. सट्टेबाजाच्या हातात शहराची जमीन जाऊ नये, हा विचार त्या पट्ट्यामागे होता. त्या काळातील समाजवादी विचाराची छाया या योजनेवर स्पष्ट दिसते. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदाही याच विचारातून आला.

आता हिशेब मांडू. वसाहतीची जमीन शेतकऱ्याची. तिचे पाणी पवना नदीचे. रस्ते, बागा, नाट्यगृहे आली ती महापालिकेच्या तिजोरीतून, आणि ती तिजोरी भरली जकातीने. 'आशियातील सर्वांत श्रीमंत नगरपालिका' असे बिरुद हे शहर मिरवीत असे. ती श्रीमंती कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालावरील जकातीची होती, म्हणजे अखेर तेथे घाम गाळणाऱ्या कामगाराच्या उत्पादनाची होती. २०१३ साली जकात गेली, परंतु तोवर वसाहतीचे रूप घडून गेले होते. पोटाला घेतलेला चिमटा हा या सर्व भांडवलातील एक वाटा होता. महत्त्वाचा होता, पण एकमेव नव्हता. प्राधिकरण ही महाराष्ट्रातील सार्वजनिक गुंतवणुकीची एक यशस्वी निर्मिती आहे, असे मी जाणीवपूर्वक म्हणतो. तिच्या रहिवाशांना मात्र ती केवळ आपल्या कर्तबगारीची निर्मिती वाटते. या गैरसमजातूनच त्यांचे राजकारण निघाले आहे.

जमीन ज्यांची गेली

आकुर्डी, निगडी, चिंचवड, वाकड, भोसरी, मोशी, चिखली अशा गावांतील शेतकऱ्यांची जमीन प्राधिकरणासाठी घेण्यात आली. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने घेतली गेली. त्या कायद्यात शेतकऱ्याला 'नको' म्हणण्याचा अधिकार जवळजवळ नव्हता.

साडेबारा टक्के परताव्याची गोष्ट आपल्यापैकी तरुणांना ठाऊक असली पाहिजे. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली नवी मुंबईसाठी जमीन गेलेले शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यावा, हे तत्त्व महाराष्ट्राने त्या रक्ताच्या दबावाखाली मान्य केले. ते पुढे पिंपरी-चिंचवडलाही लागू झाले, पण १९८४ नंतर ज्यांची जमीन घेतली गेली त्यांनाच. १९७२ ते १९८३ या काळात ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत कमी मोबदल्यात जमीन दिली, ते वगळले गेले. त्यांना दशकानुदशके अर्ज आणि मोर्चे काढावे लागले. ज्यांच्या शेतावर आज एकेका बंगल्याची किंमत कोटींत बोलली जाते, त्यांतल्या कित्येकांची नातवंडे त्याच पेठांत सुरक्षारक्षक म्हणून रात्रपाळी करताना मी पाहतो. सकाळी फिरायला जाताना मी त्यांना नमस्कार करतो, तेही करतात. त्या नमस्काराखाली काय दडलेले आहे, याचा विचार आम्ही रहिवाशांनी कधी केलेला नाही.

रस्त्याच्या पलीकडे

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याच्या एका बाजूस पेठ क्रमांक २४ ते २८ चे बंगले आणि सोसायट्या आहेत. दुसऱ्या बाजूस यमुनानगर, आणि त्याला लागून पेठ क्रमांक २२, जिला सगळे 'ओटा स्कीम' म्हणून ओळखतात. नावातच योजना आहे. ज्यांना तयार घर परवडत नाही, त्यांना शासनाने एक ओटा बांधून द्यावा, पाण्या-संडासाची सोय करावी, आणि भिंती व छप्पर ज्याचे त्याने जमेल तसे उभारावे, अशी ती कल्पना. एकाच प्राधिकरणाच्या नकाशावर बंगला आणि ओटा शेजारी आखले गेले. मूळ आखणीत दोघांनाही जागा होती, हे विसरू नये.

पुढे काय झाले? बंगल्याची किंमत वाढत गेली आणि ओट्यावर माणसे वाढत गेली. २००५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून पेठ २२ मध्ये झोपडपट्टीवासीयांसाठी इमारती बांधण्यात आल्या. पण हा भाग देहूरोडच्या दारूगोळा कोठाराच्या प्रतिबंधित क्षेत्रात येतो, असा वाद न्यायालयात गेला. स्थगिती आली, आणि उभ्या इमारती वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. जनतेचा पैसा सिमेंटमध्ये अडकला आणि गरीब पत्र्याखालीच राहिला. या प्रश्नावर प्राधिकरणातील एकाही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वाहनतळाच्या पट्ट्यांवरून मात्र आमच्या सभा मध्यरात्रीपर्यंत चालल्या आहेत.

येथे 'अधिकृत' आणि 'अनधिकृत' या शब्दांचाही विचार केला पाहिजे. प्राधिकरणाने ताब्यात घेऊनही दीर्घ काळ न वापरलेल्या जमिनीवर, आणि भोवतालच्या गावांत, गुंठा-गुंठा विकत घेऊन कामगारांनी घरे बांधली. कारण उघड होते. कारखाना वाढत होता, माणसे येत होती, आणि सार्वजनिक योजनेतील घरे पुरी पडत नव्हती. ती घरे अनधिकृत ठरली. २००८ पासून त्यांच्यावर घरपट्टीच्या दुप्पट शास्तीकर लावण्यात आला. तो माफ होण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. २०१५ अखेरपर्यंतची बांधकामे नियमित करण्याचा कायदा २०१७ साली झाला, तरी त्याच्या अटी सामान्य माणसाला पेलणाऱ्या नव्हत्या.

अलीकडचे वर्ष पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळ कुदळवाडीत भंगाराची गोदामे, छोटी वर्कशॉप अशी हजारो बांधकामे काही दिवसांत पाडण्यात आली. मे २०२५ मध्ये त्याच चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतील ३६ बंगले न्यायालयीन आदेशाने जमीनदोस्त झाले. नदीचे पात्र मोकळे राहिले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पूररेषेत भूखंड पाडून विकणारा सुटतो, आणि आयुष्याची पुंजी घालणारा बुडतो, हे दोन्ही ठिकाणी सारखेच घडले. बंगलेवाल्याला त्या दिवशी कळले की कायद्याचे छत्र त्यालाही कायमचे मिळालेले नाही. त्या क्षणी त्याच्या शेजारी जाऊन बसणारा कार्यकर्ता आपला होता का?

पाणी

पेठ क्रमांक २३ मध्ये शहराचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. रावेतच्या बंधाऱ्यातून उचललेले पवनेचे पाणी तेथे येते आणि आमच्या नळांना जाते. हे पाणी थेट धरणातून बंद नळाने आणावे अशी योजना झाली, तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. पवना धरणासाठी त्यांच्यापैकी कित्येकांच्या जमिनी गेल्या होत्या आणि पुनर्वसन रखडलेले होते. आता नदीतून वाहणारे पाणीही नळात कोंडले जाणार, ही त्यांची भीती होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे ४२ च्या क्रांतिदिनाची स्मृती आपण जागवतो त्याच दिवशी, द्रुतगती मार्गावर बऊर येथे पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. एक स्त्री आणि दोन पुरुष मृत्युमुखी पडले. योजना थांबली.

पुढे नोव्हेंबर २०१९ पासून शहराला एक दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात झाली, तेव्हा आमच्या वसाहतीत संताप उसळला. रावेत-वाकड-मोशीच्या नव्या सोसायट्या टँकरवर लाखो रुपये खर्च करू लागल्या. संताप रास्त होता. पण तो महापालिकेवर आणि 'आडमुठ्या शेतकऱ्यांवर' निघाला. धरणग्रस्ताचे पुनर्वसन आधी करा, म्हणजे आमच्या पाण्याचा मार्ग मोकळा होईल, असे म्हणणारा आवाज आम्ही उठवला असता, तर मावळ आणि निगडी एकमेकांचे शत्रू झाले नसते. हे काम समाजवाद्यांचे होते. आपण ते केले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

दुसरी पिढी चाकणला जाते

आता मी मध्यमवर्गाच्या स्वतःच्या दुखण्याकडे येतो, कारण उपदेशाने कोणाचे मत बदलत नाही.

१९७० च्या दशकात या पट्ट्यातील कायम कामगार मध्यमवर्गात आला तो संघटनेच्या बळावर. करार, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांतून त्याचे हप्ते फिटले. प्राधिकरणातील कित्येक घरांच्या विटा युनियनच्या करारांनी भाजलेल्या आहेत. १९८९ च्या टेल्कोच्या संघर्षात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेले कामगार पहाटे पोलिसांनी उचलून नेले, आणि या पट्ट्यातील कामगार चळवळीला ओहोटी लागली. नव्या भांडवलाने जागा बदलली. १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला, २००७ साली आकुर्डीतील उत्पादन थांबले. २००९ साली फोक्सवॅगन आली, मर्सिडीज आली, नंतर महिंद्र आले. कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्याच्या झुंजीसाठी ओळखले जाणारे चाकण देशातील मोटारउद्योगाचे एक प्रमुख केंद्र झाले.

उत्पादन वाढले, पण नोकरीचे स्वरूप पालटले. कायम कामगारांचा गाभा आकसत गेला आणि त्याभोवती ठेकेदाराची माणसे, प्रशिक्षणार्थी, मुदतबंद कामगार यांची कडी वाढत गेली. २०१३ साली चाकणला बजाजच्या कायम कामगारांनी ५० दिवस संप केला. कंपनीचे समभाग सवलतीने मिळावेत, ही त्यांची एक मागणी होती. संप निष्फळ ठरला. त्या मागणीत मला या वर्गाच्या मनाचे प्रतिबिंब दिसते. कामगाराला मालकीत वाटा हवा, ही आपलीच मागणी आहे. पण त्याच फाटकातून आत येणाऱ्या ठेक्याच्या कामगाराला त्या वाट्यात स्थान नव्हते.

१९७० च्या कायद्याने ठेका पद्धतीवर निदान कागदोपत्री तरी अंकुश ठेवला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. ठेका कामगारांच्या तरतुदी लागू होण्यासाठीची संख्या २० वरून ५० वर गेली, कपातीसाठी सरकारी परवानगी लागणारी मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली, आणि निश्चित मुदतीची नोकरी ही सर्वमान्य पद्धत ठरली. याचा अर्थ प्राधिकरणातील गृहस्थाला त्याच्या घरातच समजावून सांगता येतो. बाप एका कारखान्यात पस्तीस वर्षे राहून निवृत्त झाला. मुलगा अभियांत्रिकीची पदविका घेऊन चाकणच्या पट्ट्यात सहा-सहा, अकरा-अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो. त्याला बँक कर्ज देत नाही. लग्न जुळत नाही. तो बापाच्या घरात राहतो, आणि ते घर नसते तर तो ओट्यावर असता. मध्यमवर्गाचे मध्यमपण आता पगारावर टिकलेले नाही. एका पिढीपूर्वी सार्वजनिक योजनेतून मिळालेल्या जमिनीवर ते टिकले आहे. हे ज्याला उमगले, तो आपली पत्रके रद्दीत टाकणार नाही.

अनर्जित वाढ

एक छोटे उदाहरण घेऊ. समजा, प्राधिकरणातील एका घराची किंमत १ कोटी रुपये आहे. त्यांतील ४० लाख बांधकामाचे धरा, ६० लाख जागेचे. बांधकाम दरवर्षी झिजते, रंग उडतो, सळ्या गंजतात, त्याची किंमत घटते. वाढते ती जागेची किंमत. ती का वाढते? मालकाने काही केले म्हणून नाही. समोर रस्ता झाला, शाळा निघाली, १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावली, २०२३ मध्ये ती निगडीपर्यंत नेण्यास मंजुरी मिळाली म्हणून. रूळ पडण्याआधीच जाहिरातींत 'मेट्रोलगत' हा शब्द येतो आणि भाव चढतात. रिकार्डोने खंडाचा सिद्धान्त मांडून दोनशे वर्षे झाली. जॉन स्टुअर्ट मिलने या वाढीला 'अनर्जित वाढ' म्हटले. समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाकडे परत यावे, यात मार्क्स वाचण्याचीही गरज नाही, उदारमतवादी अर्थशास्त्रच पुरेसे आहे.

आपल्याकडे उलटे झाले. नागरी कमाल जमीन धारणा कायदा राज्याने २००७ साली सोडून दिला. प्राधिकरणाने उत्तरकाळात घरे बांधण्याऐवजी मोक्याचे भूखंड लिलावाने विकण्याची वाट धरली. २०२१ साली प्राधिकरणच विसर्जित झाले. विकसित भाग महापालिकेकडे आणि उरलेली जमीन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेली. रहिवाशांना चिंता एकच होती की पट्ट्याची जमीन मालकी हक्काने केव्हा होणार. ती चिंता गैर नाही, हस्तांतरणाच्या कटकटी मी स्वतः अनुभवल्या आहेत. परंतु शेतकऱ्याकडून 'सार्वजनिक हेतू' म्हणून घेतलेली उरलेली जमीन आता कोणाची, हा प्रश्न विचारला गेला नाही. तो आपण विचारला पाहिजे.

काय करावे?

कोणी म्हणेल, प्राध्यापक, मध्यमवर्ग बदलत नसतो. मला हे मान्य नाही. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रियांत चाळीतल्या आणि फ्लॅटमधल्या दोघीही होत्या. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत कमाल धारणा कायद्याखालील जमीन मागून घेतली आणि दिंडोशीला सुमारे सहा हजार कुटुंबांना परवडणारी घरे उभी करून दाखवली. ती समाजवाद्यांनी केलेली गोष्ट आहे. आणि येथेच २०१७ मध्ये वर्तुळाकार मार्गासाठी वाल्हेकरवाडी, बिजलीनगर, रहाटणी भागांतील घरांवर गदा आली, तेव्हा ज्यांनी कधी घोषणा दिली नव्हती त्या गृहिणी महिनोन् महिने रस्त्यावर आल्या. माणसे येतात. त्यांच्या जीवनातील प्रश्न घेऊन आपण गेलो पाहिजे.

माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, सार्वजनिक प्राधिकरणाकडे उरलेल्या जमिनीची विक्री थांबवावी, आणि तेथे भाड्याची घरे बांधावीत, ही मागणी लावून धरावी. चाकणचा ठेका कामगार एका खोलीत पाच-सहा जणांसह राहतो. त्याला लगेच मालकी नको आहे, बापासारखा एक आधार हवा आहे. ही मागणी वसाहतीतल्या मुलाची आणि परप्रांतीय कामगाराची एकच आहे. तिच्यावर दोघांना एका व्यासपीठावर आणता येईल.

दुसरी, १९७२ ते १९८३ मधील शेतकऱ्यांच्या हक्काचा परतावा प्रत्यक्ष त्यांच्या हाती पडेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा, आणि त्या निवेदनावर पहिल्या सह्या प्राधिकरणातील रहिवाशांच्या असाव्यात. पवना धरणग्रस्तांच्या निवेदनावरही.

तिसरी, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची बाब. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तरी ओटा स्कीममधून रस्ता ओलांडून येणाऱ्या बाईला आमच्या घरांत आठवड्याची सुटी मागताना आजही संकोच वाटतो. प्रत्येक सोसायटीने सुटी, आजारपणाची रजा, दिवाळीचा एक पगार आणि मंडळाकडे नोंदणी एवढे चार नियम सर्वसाधारण सभेत करावेत. येथे मोर्चाची गरज नाही. आपण जे त्या सोसायट्यांचे सभासद आहोत, त्यांनी हात वर करायचा आहे. मी गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत हा ठराव मांडला. तो दोन मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत माझे काही स्नेही होते. यंदा पुन्हा मांडणार आहे.

चौथी, सोसायटी ही १९६० च्या सहकार कायद्याखालील संस्था आहे, हे आपण विसरलो आहोत. धनंजयराव गाडगीळांनी सहकाराकडे समाजपरिवर्तनाचे साधन म्हणून पाहिले. आमचा सहकार पाण्याची टाकी आणि उद्वाहन यांच्यापलीकडे जात नाही. सांडपाण्याचा पुनर्वापर, पावसाचे पाणी जिरवणे, कचरावेचक बहिणींना सन्मानाचे काम, एवढे तरी तो करू शकतो.

संयोजकांचा मूळ प्रश्न होता की प्राधिकरणातील दारे बंद का होतात. माझे उत्तर असे आहे की आपण तेथे जातो ते वर्गणी आणि मत मागायला. ज्यांनी ही वसाहत घडवली त्या शेतकऱ्याची, कामगाराची, मावळातल्या धरणग्रस्ताची कथा आपण त्यांना कधी सांगितली नाही, आणि त्यांच्या मुलाच्या ठेक्याच्या नोकरीची चौकशीही केली नाही. पुढच्या रविवारी पत्रके नेऊ नका. एका घरी अर्धा तास बसा आणि विचारा, "तुमच्या वडिलांना हे घर कसे मिळाले?" माणसे यावर तासभर बोलतात, माझे वडीलही बोलत. मग विचारा, "तुमच्या मुलाला असे घर मिळेल का?" त्यानंतर गृहस्थ थोडा वेळ गप्प बसेल. तेव्हा घाईने उठू नका.